टेक्सासमधल्या शाळा-कराच्या निवडणुका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रिस्को, प्लेनो, केटी, सीडर पार्क, राउंड रॉक या भागांत घर घेतलेल्या मराठी कुटुंबांना दर दोन-तीन वर्षांनी हे प्रश्न पडतात. उत्तरं टेक्सासच्या कायद्यापुरती आहेत. इतर राज्यांचे नियम बरेच वेगळे असून त्यांच्याबद्दल शेवटाकडे थोडक्यात लिहिलं आहे.

आयएसडी म्हणजे शहराचा शिक्षण विभाग का?

नाही. आपल्याकडे घरपट्टी महापालिका घेते आणि शिक्षण कर त्याच बिलात येतो, त्यामुळे इथेही तसंच असेल असं वाटतं. टेक्सासमध्ये ‘इंडिपेंडंट स्कूल डिस्ट्रिक्ट’ (आयएसडी) ही स्वतंत्र स्थानिक सरकारी संस्था आहे; पुढे ‘जिल्हा’ म्हटलं आहे ते हिलाच. तिचं निवडून आलेलं बोर्ड वेगळं, बजेट वेगळं आणि कराचा दरही वेगळा. महापौराचा किंवा सिटी कौन्सिलचा तिच्यावर काही अधिकार नाही. बोर्डावर बहुतेक ठिकाणी सात ट्रस्टी असतात आणि त्यांना पगार नसतो.

तिच्या हद्दी शहराच्या हद्दीशी जुळत नाहीत. फ्रिस्को शहरात राहणारं घर फ्रिस्को, लुईसव्हिल, प्रॉस्पर किंवा लिटल एल्म यांपैकी कोणत्याही आयएसडीत असू शकतं. पत्त्यातल्या शहराच्या नावावर विसंबू नका. काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या (करासाठी घरांची किंमत ठरवणाऱ्या कार्यालयाच्या) संकेतस्थळावर पत्ता टाका. तुमच्या घरावर कोण कोण कर लावतं त्याची यादी तिथे दिसते. शेजारच्या गल्लीतला मित्र ज्या प्रस्तावावर मत देतो तो तुमच्या मतपत्रिकेवर नसेल, तर कारण बहुतेक हेच असतं.

शाळेचा दर एकच दिसतो, मग ‘एम अँड ओ’ आणि ‘आय अँड एस’ काय आहे?

दर १०० डॉलरच्या करपात्र किमतीमागे इतके सेंट, असा सांगितला जातो आणि त्याचे दोन भाग असतात.

एम अँड ओ म्हणजे रोजचा खर्च: शिक्षकांचे पगार, वीज, बस, दुरुस्ती. आय अँड एस म्हणजे बॉण्डचं, म्हणजे बांधकामासारख्या मोठ्या खर्चासाठी काढलेल्या कर्जाचं, मुद्दल आणि व्याज. आय अँड एसच्या पैशातून पगार देता येत नाही. त्यामुळे ‘नवं स्टेडियम बांधायला पैसे आहेत, मग शिक्षकांना पगारवाढ का नाही?’ या प्रश्नाचं उत्तर कायद्यातच आहे. स्टेडियम हवं की नको हा वाद अर्थातच वेगळा, आणि तो रास्त आहे.

घरांच्या किमती एवढ्या वाढल्या, म्हणजे शाळांकडे पैसाच पैसा असेल ना?

सर्वांत मोठा गैरसमज हाच. रोजच्या खर्चासाठी शाळेला किती पैसे मिळायचे ते मुख्यतः राज्याचं सूत्र ठरवतं. दर विद्यार्थ्यामागची मूळ रक्कम २०१९ पासून ६,१६० डॉलर होती. २०२५ च्या कायद्याने ती ५५ डॉलरने वाढवून ६,२१५ केली. ही रक्कमही पटावरच्या नव्हे, तर सरासरी हजेरीवरच्या संख्येने गुणली जाते. मूल आजारी पडून घरी राहिलं तरी फरक पडतो.

सूत्राने ठरलेल्या रकमेतला स्थानिक करातून येणारा वाटा वाढला की राज्याचा वाटा तेवढा कमी होतो. शिवाय २०१९ च्या हाउस बिल ३ नुसार स्थानिक किमती वर्षाला अडीच टक्क्यांहून जास्त वाढल्या की एम अँड ओचा पायाभूत दर खाली आणावा लागतो. या प्रकाराला ‘कम्प्रेशन’ म्हणतात. थोडक्यात, तुमच्या घराची किंमत वाढली म्हणून तुमच्या शाळेत त्या प्रमाणात जास्त पैसा येत नाही.

ज्या जिल्ह्यांत विद्यार्थ्यांच्या मानाने मालमत्ता फार मोलाची आहे त्यांना जादा रक्कम राज्याकडे भरावी लागते. कायदेशीर शब्द ‘रिकॅप्चर’, बोलीतला ‘रॉबिन हूड’. ही पद्धत १९९३ पासून आहे.

‘व्हेट्री’ कधी घ्यावी लागते?

‘व्होटर-अप्रूव्हल टॅक्स रेट इलेक्शन’चं हे लघुरूप आहे. बोर्डाने एका मर्यादेपलीकडे दर ठरवला की तो मतदारांकडून मंजूर करून घ्यावाच लागतो. ही मर्यादा तीन आकड्यांची बेरीज असते:

- राज्याने त्या जिल्ह्यासाठी ठरवलेला पायाभूत, कम्प्रेस केलेला दर
- त्यावरचे ‘एन्रिचमेंट’चे, म्हणजे जिल्हा स्वतःहून लावतो ते जादा सेंट: मागच्या वर्षी होते तेवढे किंवा ५ सेंट, यांत जे जास्त असेल ते
- चालू वर्षाच्या कर्जफेडीचा दर

समजा, पायाभूत दर ६२ सेंट, एन्रिचमेंट ५ आणि कर्जफेड २५. बेरीज ९२ सेंट. बोर्डाने ९५ ठरवले तर वरच्या ३ सेंटांसाठी निवडणूक. एन्रिचमेंट जास्तीत जास्त १७ सेंटांपर्यंत जाऊ शकतं. त्यापलीकडे मतदारांनी हो म्हटलं तरी जाता येत नाही.

‘सोनेरी’ आणि ‘तांब्याचे’ सेंट म्हणजे काय? फरक का पडतो?

प्रचारपत्रकात हा मुद्दा सहसा सापडत नाही, पण मत ठरवताना सर्वांत आधी तोच बघावा.

एन्रिचमेंटचे पहिले ८ सेंट ‘सोनेरी’. त्यातून आलेल्या पैशाला रिकॅप्चर लागू नाही. पुढचे ९ ‘तांब्याचे’. श्रीमंत जिल्ह्यात यांच्यावर रिकॅप्चर लागतो. म्हणजे ५ वरून ८ सेंटांवर जाण्यासाठी मागितलेले ३ सेंट आणि ८ वरून ११ वर जाण्यासाठी मागितलेले ३ सेंट तुमच्या खिशातून सारखेच जातात, पण शाळेच्या हाती पडणारी रक्कम खूप वेगळी असू शकते.

ऑस्टिन आयएसडीचं उदाहरण बघा. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या मतदारांनी ९.१ सेंटांची वाढ मंजूर केली. त्यातून सुमारे १७ कोटी १० लाख डॉलर उभे राहतील आणि रिकॅप्चर वजा जाता जिल्ह्याकडे सुमारे ४ कोटी १० लाख उरतील, असा जिल्ह्याचा अंदाज होता. मतदारांनी हे ठाऊक असताना हो म्हटलं, आणि त्यांच्या परीने ते योग्यही असेल. तुमच्या जिल्ह्यात हा हिशोब कोणी स्पष्ट मांडत नसेल, तर बोर्डाच्या बैठकीत पहिला प्रश्न हाच विचारा: मागितलेल्यापैकी किती सेंट सोनेरी, किती तांब्याचे, आणि रिकॅप्चर वजा जाता हातात काय राहतं?

जिल्हा म्हणतो ‘दर वाढत नाही’. मग मत कशाला मागतात?

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. वरचंच उदाहरण घ्या. मागच्या वर्षी पायाभूत दर ६५, एन्रिचमेंट ५, कर्जफेड २५, एकूण ९५. यंदा राज्याने पायाभूत दर ६२ वर आणला. बोर्डाने एन्रिचमेंट ८ केलं. बेरीज पुन्हा ९५. दर तोच राहिला, पण एरवी तुम्हाला मिळाली असती ती ३ सेंटांची सूट जिल्ह्याने ठेवून घेतली. ‘दर वाढलेला नाही’ हे वाक्य खरं असलं तरी अपुरं आहे. तुलना मागच्या वर्षीच्या दराशी न करता, प्रस्ताव पडला तर जो दर लागेल त्याच्याशी करायची.

माझ्या घरावर नेमका किती फरक पडेल?

घराची किंमत ५ लाख डॉलर धरा. नोव्हेंबर २०२५ च्या मतदानानंतर शाळा-करासाठी होमस्टेड (स्वतः राहत असलेल्या घरावरची) सूट १ लाख ४० हजार डॉलर झाली आहे (आधी १ लाख होती). करपात्र रक्कम उरली ३ लाख ६० हजार. एका सेंटामागे वर्षाला ३६ डॉलर. तीन सेंट म्हणजे १०८ डॉलर.

भाड्याने दिलेल्या घराला ही सूट नाही. ४ लाखांच्या घरावर एका सेंटाला ४० डॉलर पडतात.

घरमालकाचं वय ६५ किंवा त्याहून जास्त असेल तर शाळा-करासाठी आणखी ६० हजारांची सूट असते आणि शाळा-कराच्या रकमेवर कमाल मर्यादा गोठवलेली असते. घरात नवं बांधकाम केलं नाही तर व्हेट्री किंवा बॉण्डमुळे ती मर्यादा वाढत नाही. सोसायटीतल्या ज्येष्ठांमध्ये याची धास्ती असते. प्रचार करणारे ती घालवण्याच्या फंदात पडत नाहीत.

होमस्टेड सूट आपोआप मिळत नाही. अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे फॉर्म ५०-११४ भरावा लागतो, आणि टेक्सासच्या लायसन्सवरचा पत्ता घराच्या पत्त्याशी जुळला पाहिजे. अर्ज बहुतेक वेळा इथेच अडतो: लायसन्सवर जुन्या अपार्टमेंटचा पत्ता तसाच राहिलेला असतो. नागरिकत्वाची अट नाही, एच-१बीवर असलेल्यांनाही सूट मिळते. मुदत ३० एप्रिल, पण उशिराचा अर्ज दोन वर्षांपर्यंत चालतो.

मतपत्रिकेवरचा टक्क्यांचा आकडा कसा वाचायचा?

व्हेट्रीच्या मजकुरात कायद्याने दोन आकडे द्यावे लागतात: एम अँड ओ करातून येणारा महसूल मागच्या वर्षीपेक्षा किती टक्के वाढेल आणि ते किती डॉलर. हे संपूर्ण जिल्ह्याच्या महसुलाचे आकडे आहेत, तुमच्या बिलाचे नव्हेत. त्यात नव्या वसाहती आणि वाढलेल्या किमतींचा परिणामही मिसळलेला असतो. तुमचा आकडा वर दाखवल्याप्रमाणे तुम्हीच काढा.

आणखी एक. टेक्सासमध्ये २०२० पासून एका बटणावर पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत द्यायची सोय नाही. शाळेचे प्रस्ताव मतपत्रिकेच्या अगदी तळाशी असतात. मध्येच थांबलात तर तिथवर पोचणारच नाही.

बॉण्डच्या प्रस्तावावर मोठ्या अक्षरांत ‘ही मालमत्ता करवाढ आहे’ असं असतं. मग जिल्हा दर वाढणार नाही असं कसं म्हणतो?

२०१९ पासून शाळांच्या प्रत्येक बॉण्ड प्रस्तावावर हे वाक्य छापणं सक्तीचं आहे, दर प्रत्यक्षात वाढो वा न वाढो. जुनी कर्जं फिटत आली असतील आणि नवी त्यांची जागा घेत असतील तर दर तोच राहू शकतो. पण नवं कर्ज घेतलं नसतं तर तो दर उतरलाही असता. म्हणून ते वाक्य खोटं नाही, आणि जिल्ह्याचं म्हणणंही खोटं नाही.

एकाच बॉण्डचे चार-पाच वेगळे प्रस्ताव का असतात, हेही लोक विचारतात. हजाराहून जास्त आसनांचं स्टेडियम, जलतरण तलाव, नाट्यगृह, शिक्षकांसाठी घरं, लॅपटॉपसारखं तंत्रज्ञान: यांतल्या प्रत्येकासाठी स्वतंत्र प्रस्ताव लागतो. वर्गखोल्यांच्या आडून स्टेडियम मंजूर करून घेता येऊ नये म्हणून ही तरतूद आहे. तुम्ही एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणू शकता.

तंत्रज्ञानाच्या प्रस्तावात कर्जाची मुदत बघा. चार-पाच वर्षांत निकामी होणाऱ्या लॅपटॉपसाठी वीस वर्षं व्याज भरणं शहाणपणाचं नाही. चांगले जिल्हे असे बॉण्ड कमी मुदतीचेच काढतात.

आम्ही अमेरिकेचे नागरिक नाही. कर भरतो, पण मत नाही. मग आम्ही काय करू शकतो?

आधी एक सावधगिरी. मत फक्त अमेरिकी नागरिकांना आहे. लायसन्सच्या कार्यालयातल्या फॉर्मवर मतदार नोंदणीचाही प्रश्न असतो. तिथे घाईत ‘हो’वर खूण केल्यामुळे ग्रीन कार्डधारकांची नागरिकत्वाची अर्जप्रक्रिया पुढे अडचणीत येऊ शकते. फॉर्म स्वतः वाचून भरा, काउंटरवरच्या माणसावर सोडू नका.

मत नसलं तरी बाकीचं बहुतेक सगळं तुम्हाला खुलं आहे.

बोर्डाच्या बैठकीत बोलता येतं. अजेंड्यावरच्या विषयावर बोलू इच्छिणाऱ्या कोणालाही बोर्डाने तो विषय हाताळण्याआधी किंवा हाताळताना संधी दिलीच पाहिजे, असा २०१९ पासून कायदा आहे. नागरिकत्व विचारलं जात नाही. वेळ बहुतेक ठिकाणी तीन मिनिटं किंवा त्याहून कमी. नाव आधी नोंदवावं लागतं, आणि नोंदणी कधी बंद होते हे जिल्ह्यागणिक बदलतं. दुपारी बंद झालेल्या नोंदणीसाठी संध्याकाळी सात वाजता जाऊन उपयोग नाही.

दुभाष्यामार्फत बोलणाऱ्याला किमान दुप्पट वेळ द्यावा लागतो. आजी किंवा आजोबांना मराठीतून बोलायचं असेल आणि नातवंड भाषांतर करणार असेल, तर तीनऐवजी सहा मिनिटं मागून घ्या. फक्त नाव नोंदवतानाच तसं सांगा.

ज्यांनी नुकतीच नागरिकत्वाची शपथ घेतली आहे त्यांनी मतदानाच्या किमान ३० दिवस आधी नोंदणी करावी. अर्ज छापून, सही करून काउंटीच्या मतदार निबंधकाकडे पाठवायचा. फक्त ऑनलाइन फॉर्म भरून ‘सबमिट’ केला की काम झालं, असं टेक्सासमध्ये नाही.

नोव्हेंबरच्या आधी नक्की कोणत्या तारखांवर लक्ष ठेवायचं?

खरा निर्णय ऑगस्टमध्ये होतो. नोव्हेंबरमध्ये तुमच्यापुढे फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ उरतं.

एप्रिल-मेमध्ये अप्रेझलची नोटीस येते. तिच्यावर हरकत घ्यायची मुदत १५ मे किंवा नोटिशीपासून ३० दिवस, यांत जी उशिराची ती. ही हरकत घराच्या किमतीवर असते, दरावर नसते. शाळेच्या बोर्डासमोर किमतीची तक्रार मांडून हाती काही लागत नाही.

जुलैच्या अखेरीस प्रमाणित किमती येतात. बजेट आणि प्रस्तावित दराच्या सुनावणीची जाहिरात सुनावणीच्या १० ते ३० दिवस आधी वर्तमानपत्रात द्यावी लागते. तिच्यात मागच्या वर्षीचे आणि यंदाचे आकडे शेजारी-शेजारी असतात. पानभर गुळगुळीत पत्रकापेक्षा हा रटाळ तक्ता जास्त कामाचा.

निवडणुकीचा आदेश मतदानाच्या ७८ दिवस आधीपर्यंत निघावा लागतो. २०२५ मध्ये तो दिवस १८ ऑगस्ट होता, २०२६ मध्ये १७ ऑगस्ट आहे. व्हेट्री फक्त नोव्हेंबरमध्येच होऊ शकते. बॉण्ड मात्र मे महिन्यातही येतो, आणि मे महिन्यात मतदान फार कमी होतं, तेव्हा मेची मतपत्रिका विसरू नका.

व्हेट्रीआधी ‘एफिशियन्सी ऑडिट’ करावं लागतं. त्याचा अहवाल मतदानाच्या किमान ३० दिवस आधी संकेतस्थळावर आणि त्यावर एक जाहीर चर्चा, दोन्ही सक्तीचं. नावावरून वाटतं की कोणीतरी बिलं तपासून उधळपट्टी शोधली असेल. तसं नसतं. बाहेरचा लेखापरीक्षक ठरलेल्या नमुन्यात जिल्ह्याची तुलना त्याच्यासारख्या इतर जिल्ह्यांशी करतो: दर विद्यार्थ्यामागे खर्च, कर्मचाऱ्यांचं प्रमाण, पगार, शिल्लक निधी. शिल्लक निधीचा तक्ता आवर्जून बघा. तिथे भरपूर गंगाजळी असताना मत मागितलं जात असेल तर का, हे विचारायला हवं. कधी उत्तर पटण्यासारखंही असतं: राज्याकडून पैसे येईपर्यंत पगार द्यायला दोन-तीन महिन्यांचा साठा लागतोच.

मुख्याध्यापकांनी ‘प्रस्तावाला मत द्या’ अशी ईमेल पाठवली तर?

जिल्ह्याचा पैसा किंवा साधनं वापरून केलेला प्रचार गुन्हा आहे. शाळेच्या ईमेल यंत्रणेवरून पाठवलेलं पत्रही त्यात येतं. प्रस्तावात काय आहे, दर किती, तारीख कोणती, हे जिल्हा सांगू शकतो. ‘मुलांसाठी हो म्हणा’ असं नाही. तक्रार टेक्सास एथिक्स कमिशनकडे करता येते. तीच शिक्षिका संध्याकाळी स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या नावाने तुम्हाला मत मागत असेल तर तो तिचा हक्क आहे. तक्रार ठोकण्याआधी हा फरक तपासा.

प्रस्तावाच्या बाजूने किंवा विरोधात पैसा लावणाऱ्या समित्यांना देणगीदारांची नावं जाहीर करावी लागतात. मतदानाच्या ३० आणि ८ दिवस आधीचे अहवाल जिल्ह्याकडे येतात. बॉण्डच्या समर्थकांत वास्तुरचनाकार आणि बांधकाम कंपन्या आहेत का, ते तिथे कळतं.

ट्रस्टींना परत बोलावता येतं का?

नाही. टेक्सासमध्ये शाळेच्या ट्रस्टींना मुदतीआधी मतदानाने हटवण्याची तरतूद नाही. पुढच्या निवडणुकीची वाट पाहावी लागते.

राज्य मात्र निवडून आलेलं बोर्ड बाजूला सारू शकतं. जून २०२३ मध्ये टेक्सास एज्युकेशन एजन्सीने ह्यूस्टन आयएसडीचा कारभार घेतला आणि नियुक्त मंडळ बसवलं. पुढच्याच वर्षी त्या मंडळाने मांडलेले ४४० कोटी डॉलरचे बॉण्ड प्रस्ताव मतदारांनी फेटाळले. ऑक्टोबर २०२५ मध्ये फोर्ट वर्थबाबतही असाच निर्णय जाहीर झाला.

कागदपत्रं कशी मागायची?

भारतातल्या माहिती अधिकारासारखाच टेक्सासचा पब्लिक इन्फर्मेशन कायदा आहे, आणि एका बाबतीत तो जास्त मोकळा आहे: तिथे अर्जदार भारतीय नागरिक असावा लागतो, इथे कोणीही मागू शकतं. कारण सांगावं लागत नाही.

अर्ज लेखी हवा आणि जिल्ह्याने जाहीर केलेल्या पत्त्यावर किंवा ईमेलवरच जायला हवा. वर्गशिक्षिकेला केलेली ईमेल धरली जात नाही. माहिती रोखायची असेल तर जिल्ह्याला १० कामकाजाच्या दिवसांत अॅटर्नी जनरलकडे निर्णय मागावा लागतो. कागदी प्रतीला पानामागे १० सेंट, जास्त शोधाशोध असेल तर तासाला १५ डॉलर. खर्च ४० डॉलरच्या वर जाणार असेल तर आधी तपशीलवार अंदाज द्यावा लागतो.

‘बॉण्डचे पैसे कुठे गेले?’ हा अर्ज फसतो, कारण जिल्ह्यावर प्रश्नांची उत्तरं देण्याचं किंवा नवा कागद तयार करण्याचं बंधन नाही. असं लिहा: ‘२०२२ च्या बॉण्डमधून १ जुलै २०२४ ते ३० जून २०२५ या काळात कंत्राटदारांना दिलेल्या रकमांची यादी आणि मंजूर झालेल्या चेंज ऑर्डर, इलेक्ट्रॉनिक स्वरूपात.’ चेंज ऑर्डर म्हणजे कंत्राटानंतर वाढवलेलं काम आणि रक्कम. अंदाजपत्रक कुठे फुगलं ते यातच दिसतं.

आमचे नातेवाईक न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात आहेत. तिथेही असंच?

न्यू जर्सीत करवाढीवर २ टक्क्यांची मर्यादा आहे. नोव्हेंबरमध्ये निवडणूक घेणारे जिल्हे त्या मर्यादेत राहिले तर बजेटवर मतदान होत नाही. कॅलिफोर्नियात १९७८ च्या प्रपोझिशन १३ मुळे दराला हात लावणंच अवघड. तिथे २००० च्या प्रपोझिशन ३९ नुसार शाळांचे बॉण्ड ५५ टक्के मतांनी मंजूर होतात आणि नागरिकांची देखरेख समिती सक्तीची असते. टेक्सासमध्ये निम्म्याहून एक मत जास्त पुरतं, आणि समिती नेमायची की नाही हे बोर्डाच्या मर्जीवर. न्यू यॉर्कमध्ये बहुतेक जिल्ह्यांच्या बजेटवर मे महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी मतदान होतं. तिथली करवाढीची मर्यादा ओलांडायची असेल तर ६० टक्के मतं लागतात.

व्हेट्री पडली आणि बिल आधीच वाढीव दराने आलं असेल तर?

प्रस्ताव नामंजूर झाला की बोर्डाला मर्यादेतला दर ठरवावा लागतो. आधी गेलेली बिलं दुरुस्त करून पुन्हा पाठवली जातात. जास्त भरले असतील आणि फरक एक डॉलर किंवा त्याहून अधिक असेल तर पैसे परत मिळतात. सुधारित बिलाची वाट पाहत ३१ जानेवारी उलटू देऊ नका. १ फेब्रुवारीला थकबाकीवर दंड आणि व्याज मिळून ७ टक्के लागतात. कर एस्क्रोमधून (कर्जाच्या हप्त्यासोबत कराचे पैसे जमा होतात त्या खात्यातून) जात असेल तर दुरुस्त बिलाची प्रत कर्ज देणाऱ्या कंपनीला स्वतः पाठवा, नाहीतर पुढच्या वर्षीचा मासिक हप्ता जुन्या आकड्यावर बसवला जातो.

प्रस्ताव मंजूर झाला तर मात्र वाढीव एन्रिचमेंट पुढच्या वर्षांसाठीही आधाररेषा ठरतं, आणि ते तेवढंच ठेवायला बोर्डाला पुन्हा मत मागावं लागत नाही.